सातव्या रांगेतली चौथी खुर्ची

सबीहा : तिथे नको ग बसू, तिची स्प्रिंग वर आलीय.

वदाद : मग बसू कुठे? चारशे खुर्च्यांची मालकीण तू, आणि सख्ख्या चुलतबहिणीला टेकायला एक धड खुर्ची नाही!

नझीहा : ये, माझ्याजवळ बस. ही बरी आहे. थोडी डुगडुगते, पण या वयात आपण तरी कुठे स्थिर आहोत?

वदाद : आणि हा अंधार? दिवा नाही का एखादा?

सबीहा : वीज सहाला येईल. जनरेटरची जोडणी मी गेल्या महिन्यात तोडून टाकली. बंद थिएटरला उजेड कशाला? दार उघडं ठेवलंय, दिसेल हळूहळू.

नझीहा : मला सगळं स्वच्छ दिसतंय. वर मागे सज्जा, त्याच्या मागे आर्तिन चित्र चालवायचा ती मशीनची खोली, आणि मध्ये तो मेला खांब.

वदाद : नझीहामावशी, तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तुला दिसत नाहीये, आठवतंय.

नझीहा : त्र्याऐंशीव्या वर्षी ते एकच असतं. तू शाळेची मुख्याध्यापिका झालीस ना, की उगाच माणसाच्या बोलण्यावर लाल शाईने खुणा करत बसतेस. कॉफी आणलीय का ग सबीहा?

सबीहा : आणलीय ना. वेलदोडा घालून. पण आधी माझं ऐका. चार वाजता तो येईल.

वदाद : कोण? पलंगवाला?

सबीहा : त्याचा माणूस. कागद घेऊन. आता अडीच वाजलेत.

नझीहा : पलंगवाला म्हणजे? मला तर कोणी काही सांगतच नाही.

सबीहा : अगं मावशी, परवा तासभर सांगितलं तुला फोनवर! मीना बंदराच्या रस्त्यावर ते मोठं फर्निचरचं दुकान आहे ना, त्यांनी आपलं हे यास्मीन थिएटर घ्यायचं ठरवलंय. खुर्च्या काढणार, फरशी सपाट करणार, आणि इथून तिथपर्यंत नवरानवरीचे पलंग मांडणार. आरशाच्या कपाटांसकट.

नझीहा : बरंय की! पूर्वी इथे लग्नं जुळायची, आता पुढचं सामान मिळेल.

वदाद : मावशी!

नझीहा : काय मावशी? त्या मरजान सिनेमात मोटारी उभ्या करतात. स्टेशनाजवळच्या थिएटरात पोरं लोखंड उचलतात आणि आरशात स्वतःला बघतात. त्यापेक्षा पलंग बरे. निदान माणसं जोडीने तरी येतील.

सबीहा : मी सही करणार नाहीये.

वदाद : हे काय नवीन? किंमत कमी देतोय?

सबीहा : नाही, किंमत चांगली आहे.

वदाद : मग मुलं नको म्हणतायत?

सबीहा : मुलं सिडनीहून रोज फोन करतात. आई, विकून टाक, आई, छत गळतंय, आई, इकडे ये. खरंच गळतंय छत. यंदाच्या पावसात पहिल्या तीन रांगांत तळं झालं होतं.

वदाद : मग अडलंय कुठे?

सबीहा : ते... मला नाही विकता येणार. हे माझं नाहीच मुळी.

वदाद : कागदावर तुझं नाव आहे. तुझ्या नवऱ्याने, हिक्मतने, हयात असताना स्वतः नोंदणी कचेरीत जाऊन तुझ्या नावावर केलं. मी साक्षीदार होते. माझी सही आहे त्यावर, आणि त्यांनी माझं नाव चुकीचं लिहिलं म्हणून मी दोनदा कागद बदलायला लावला.

सबीहा : कागदावर आहे ग. पण खरं बघायला गेलं तर नाही. म्हणूनच तुम्हा दोघींना बोलावलं. चारच्या आत मला एक सांगायचंय. एकदा सांगितलं की मग तुम्हीच ठरवा, सही करू की नको.

नझीहा : सांग की मग. पण आधी कॉफी ओत. आणि तुझं नाही तर कोणाचं, ते मला विचार. या जागेचा सातबारा मला तोंडपाठ आहे. ही इमारत आधी खवाजा इस्कंदरचं संत्र्यांचं गोदाम होती. छत्तीस साली त्याची सगळी संत्री बोटीवर सडली. तो वैतागला आणि म्हणाला, आता न सडणारा माल विकणार.

वदाद : चौतीस साली.

नझीहा : तू जन्मलीस त्रेचाळीसला! मी आठ वर्षांची होते, बापाच्या खांद्यावर बसून आले होते. बोलकं चित्र लावणार म्हणून जाहिरात केली, आणि ऐन वेळी आवाजाचं यंत्र बंद पडलं. खवाजाने कोपऱ्यावरच्या कॉफीखान्यातून ऊद वाजवणाऱ्याला उचलून आणलं. पडद्यावर माणसं मारामारी करतायत आणि हा आपला विरहाचं वाजवतोय! लोकांना वाटलं, असंच असतं. दुसऱ्या आठवड्यात यंत्र दुरुस्त झालं तर लोक चिडले, ऊदवाला कुठाय म्हणून.

वदाद : आठ वर्षांची म्हणजे चौतीसच. तू सव्वीसची.

नझीहा : बघ! बघितलंस? मेली मुख्याध्यापिका!

सबीहा : तुम्ही दोघी जरा...

नझीहा : मग दोन भागीदारांनी घेतलं, लढाई संपल्यावर. फोटोवाला हागोप आणि त्याचा मेहुणा. ते एकमेकांशी बोलायचे नाहीत. निरोप तिकिटाच्या खिडकीतून जायचे. हागोपला सांग पंखा दुरुस्त कर, मेहुण्याला सांग पंखा तूच मोडलास. मी तिथे नवीन लागलेले. मला पगार तिकिटं विकण्याचा, काम वकिलीचं. मंगळवारचा बायकांचा खेळ त्याच वेळी सुरू झाला. हागोपच्या बायकोची अक्कल ती.

वदाद : काय गर्दी व्हायची!

नझीहा : गर्दी? अगं, मोर्चा असायचा! पोरंबाळं, सासवा, डबे. एकीने तर स्टोव्ह आणला होता, मसाला परतत होती चौथ्या रांगेत.

वदाद : तो कांदा होता.

नझीहा : आणि पुरुष एकही नाही. पडद्यावरचा तेवढा चालायचा. आर्तिनला मी खेळाआधी मशीनच्या खोलीत घालायचे आणि बाहेरून कडी लावायचे. शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत काढायची नाही. बिचाऱ्याला खिडकीच्या फटीतून खिम्याचे किब्बे सरकवायचे. म्हणायचा, नझीहा, तुरुंगात यापेक्षा मोठी खिडकी असते.

सबीहा : मावशी, मी मंगळवारचंच सांगायला आलेय.

नझीहा : मग आणखी काय सांगायचं राहिलं? पंचावन्न साली तुझ्या सासऱ्याने घेतलं. अबू हिक्मत मध्यंतरात गोड विकायचा, गुलाबपाण्यातलं, मलई भरलेलं. त्याच्या लक्षात आलं की चित्र पडलं तरी गोड खपतं. म्हणून सरळ थिएटरच घेऊन टाकलं. ते गोड विकायला घेतलेलं जगातलं सगळ्यात मोठं दुकान असेल.

वदाद : आणि मंगळवारी गोड सगळ्यात जास्त खपायचं.

नझीहा : खपणारच. मुलांच्या आया तोंड गोड करूनच बोलायच्या. वर सज्ज्यात बसायच्या रांगेने, हातात पंखे. चित्राकडे कोण बघतंय? खाली पोरींच्या माना बघायच्या. मध्यंतरात माझ्या खिडकीशी. "नझीहा, पाचवी रांग, कडेची, कोणाची ग?" मी तक्ता काढायचे. कोणत्या खुर्चीचं तिकीट कोणाच्या घरी गेलं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. एक्केचाळीस लग्नं जुळवली त्या तक्त्यावर.

वदाद : मागे बेचाळीस म्हणायचीस.

नझीहा : एक मोडलं.

सबीहा : माझंही त्यातलंच.

नझीहा : तुझं तर सगळ्यात गाजलेलं! मालकिणीचा मुलगा! हिक्मतची आई, उम्म हिक्मत, स्वतः खाली आली सज्ज्यातून. ती एकदा वर चढली की खेळ संपेपर्यंत उतरायची नाही कधी, गुडघे दुखायचे. म्हणाली, नझीहा, सातवी रांग, चौथी खुर्ची. काय कोवळ्या मनाची पोर आहे, पडद्यावर नायिकेला घराबाहेर काढलं तेव्हा खांदे गदगदत होते तिचे. मी तक्ता बघितला. सात-चार, सबीहा.

सबीहा : ती मी नव्हते.

वदाद : काय नव्हतीस?

सबीहा : सात-चारवर मी नव्हते बसले. तिकीट माझं होतं. पण माझ्या पुढे ती धान्यवाल्याची सून बसली होती, केसांचा हा एवढा मनोरा करून. मला दिसेना. तू म्हणालीस, ऊठ बुटके, तू माझ्या जागेवर ये, मी उंच आहे, मला तिच्या डोक्यावरून दिसेल. आठवतं?

वदाद : हं.

सबीहा : मी तुझ्या जागेवर गेले, खांबाला लागून. सात-चारवर तू होतीस. खांदे गदगदणारी तू होतीस, वदाद. सासूबाईंनी तुला पसंत केलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या, माझ्या आईला म्हणाल्या, तुमच्या सबीहाला मी सिनेमात रडताना पाहिलं, तेव्हाच ठरवलं. मला कळलं. तिथेच, हातात तबक धरून उभी असताना कळलं. मी काय केलं? मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

नझीहा : अरे देवा!

सबीहा : अठ्ठेचाळीस वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. हिक्मतलासुद्धा नाही. आणि... तुला माहितेय, त्या दिवशी कॉफीदेखील तूच केली होतीस. आमच्या स्वयंपाकघरात. मला साखरेचं माप आठवेना म्हणून.

वदाद : साखर बरोबर पडली होती का?

सबीहा : सासूबाईंनी दुसरा पेला मागितला. म्हणजे बघ, रडणं तुझं, कॉफी तुझी आणि नवरा माझा. आणि हे थिएटर त्याच्या मागून आलं. आता ते विकून मी सिडनीला मुलांकडे जाऊन बसायचं? कशाच्या जोरावर? मी दुसरीच्या जागेवर अठ्ठेचाळीस वर्षं बसलेय ग.

नझीहा : वदाद, काहीतरी बोल. ही पोर रडायला लागली.

वदाद : मी मोजतेय.

सबीहा : काय मोजतेस?

वदाद : खोटं किती आहे त्यात ते. पहिलं म्हणजे मी रडत नव्हते.

सबीहा : काय?

वदाद : हसत होते. नायिकेला घराबाहेर काढलं, ती पावसात उभी, आणि आपल्या मागून ती कासाराची म्हातारी ओरडली, "मुली, तिकडे नको जाऊस, तो लफंगा आहे, मी मागच्या मंगळवारी बघितलंय!" मला आवरेना. तोंडात रुमाल कोंबला, तरी खांदे हलायचे ते हललेच. सज्ज्यातून मागून काय दिसणार? मान आणि खांदे.

नझीहा : म्हणजे उम्म हिक्मत ज्याला कोवळं मन म्हणाली...

वदाद : ते माझं वाह्यात हसू होतं.

सबीहा : आणि मी खांबाशी बसून ढसाढसा रडत होते! मला अर्धाच पडदा दिसत होता, नायक दिसतच नव्हता, नुसती ती पावसात उभी! घरी येईपर्यंत डोळे सुजले होते माझे.

वदाद : ते मला ठाऊक आहे. माझा दुसरा रुमाल तूच खराब केलास.

नझीहा : थांबा. थांबा जरा. आता मलाही बोललं पाहिजे. मी मरायच्या आधी सांगणारच होते, पण मरण लांबत चाललंय.

सबीहा : तुला काय सांगायचंय आता?

नझीहा : उम्म हिक्मतला माहीत होतं.

सबीहा : काय माहीत होतं?

नझीहा : की चुकीची पोरगी आली. तू तबक घेऊन उभी राहिलीस, त्याच क्षणी कळलं तिला. सात-चारवाली उंच होती, तू सज्ज्यातल्या कठड्याएवढी. पुढच्या मंगळवारी आली माझ्या खिडकीशी. म्हणाली, नझीहा, तुझा तक्ता जाळून टाक. मी मागितलं सुरूचं झाड, तू दिलीस कोथिंबीर.

वदाद : कोथिंबीर!

सबीहा : हसू नकोस ग!

नझीहा : मी घाबरले. म्हटलं नोकरी गेली. म्हटलं मालकीणबाई, मी जाते, सांगते त्यांच्या घरी, चूक माझी आहे. बायका नंबरावर बसतात कुठे, कोंबड्यांसारख्या हव्या तिथे बसतात. तर ती म्हणाली, गप बस. मी त्या घरची कॉफी प्यायलेय, दोन पेले. कॉफी पिऊन उठून जायचं आणि मग निरोप पाठवायचा, तुमची नको, शेजारची हवी? त्या पोरीने तोंड कुठे दाखवायचं?

सबीहा : म्हणजे दयेपोटी...

नझीहा : ऐकून तर घे! ते झालं अर्धं. मग म्हणाली, मी मुद्दाम म्हटलं तिच्यासमोर, तुला रडताना पाहिलं. बघत होते, हो म्हणते का. हो म्हटली असती, तर मी काहीतरी निमित्त काढून मोडलं असतं. नाही म्हटली नाही, पण हो पण म्हटली नाही. कान असे लाल झाले, तबकातले पेले वाजायला लागले. हिला खोटं पचत नाही, नझीहा. आमच्या घरात खोटं पचवणारी मी एकटी पुरे आहे.

सबीहा : सासूबाई असं म्हणाल्या?

नझीहा : शब्द न् शब्द. आणि मला शपथ घातली, बोलायचं नाही.

सबीहा : एक मिनिट थांब. म्हणून त्या... अगं, त्या मला सारख्या म्हणायच्या. भात करपला की, "सातव्या रांगेतल्या मुलीने करपवला नसता हं." पडदा शिवताना टाका तिरका गेला की, "काय ग, सातवी रांग?" पाहुण्यांसमोरसुद्धा! मला वाटायचं, कौतुकाने म्हणतायत. मी आपली दर वेळी घाबरून पाणी पाणी व्हायचे!

वदाद : तेवीस वर्षं चिडवलं तुला, आणि तुला पत्ता नाही!

सबीहा : बाई ग! शेवटच्या आजारात मी पाय चेपत होते, तर म्हणाल्या, "बरं झालं, मला दुसरी मिळाली नाही." मी म्हटलं, दुसरी कोण? तर डोळे मिटून घेतले आणि हसल्या. मला वाटलं तापात आहेत!

नझीहा : ताप कसला, ती म्हातारी मरतानाही हिशेबात होती.

वदाद : झालं ना आता? माझं रडणं खोटं, तुझं खरं. जिला निवडायचं ती आपोआप मिळाली. चारला सही कर आणि जा सिडनीला, तिथल्या भाजीला चव नसते म्हणून मला पत्रं लिही.

सबीहा : नाही झालं. सासूबाईंचं झालं. तुझं राहिलं.

वदाद : माझं काय? त्याच वर्षी मला बैरूतला शिक्षिकांच्या विद्यालयात जायचं होतं. बाबा नाही म्हणत होते. तुझं लग्न ठरलं, आपलं एकच घराणं, एकाच वर्षी दोन लग्नांचा खर्च नको म्हणून मला दोन वर्षं मोकळीक मिळाली. दोन वर्षांनी मी नोकरीला लागले होते, मग कोणाची हिंमत झाली नाही. उम्म हिक्मतने त्या दिवशी नीट बघितलं असतं ना, तर मी आज इथे गोडाच्या ताटल्या मोजत बसले असते. आणि भूगोल शिकवला नसता एका पिढीला.

नझीहा : माझ्या नातीला नापास केलंस.

वदाद : तिने नाईल नदी आपल्या डोंगरातून काढली होती!

सबीहा : वदाद. मी काय विचारतेय ते तुला कळतंय. हिक्मत तुला आवडायचा का?

वदाद : सगळ्यांनाच आवडायचा. थिएटरवाल्याचा मुलगा. फुकट पास मिळायचे.

सबीहा : मी सगळ्यांचं नाही विचारलं.

(वदाद चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसते.)

वदाद : एकदा त्याने मला मशीनच्या खोलीत नेऊन दाखवलं होतं, शुक्रवारी, तू आणि आर्तिन दोघेही होतात. फिल्म कशी पुढे सरकते ते. म्हणाला, ही चित्रं वेगवेगळीच असतात, मध्ये काळोख असतो, आपल्याला तो दिसत नाही इतकंच. मला वाटलं, हा माणूस बोलायला बरा आहे. झालं. एवढंच आहे ते. त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात कॉफी करताना एवढंच मनात होतं, आणि कॉफी उतू गेली नाही.

सबीहा : मग तू तेव्हा बोलली का नाहीस? तुला तर माहीत होतं, सात-चारवर तू होतीस!

वदाद : काय बोलणार? दार उघडून उम्म हिक्मतना सांगू, रडणारी मी, पण मी हसत होते? आणि ते तबक घेऊन तू अशी उभी राहिली होतीस की... तुला आरसा नव्हता समोर. मला दिसत होतं दाराच्या फटीतून. तुला तो किती हवा होता, हे तुझे कान सांगत होते.

नझीहा : हिचे कान म्हणजे या गावातलं वर्तमानपत्र होतं.

सबीहा : म्हणजे तू दिलंस. मी घेतलं नाही, तू दिलंस.

वदाद : मी काही दिलंबिलं नाही. नाटकं करू नकोस. मी जागा बदलली, कारण तू बुटकी होतीस. पुढचं सगळं तू केलंस. सांगू? शहात्तरच्या हिवाळ्यात, यादवीत घरं गेलेली नदीपलीकडची अकरा कुटुंबं या हॉलमध्ये कोणी घेतली? हिक्मत तर म्हणत होता, आधी बैठक घेऊ, विचार करू.

सबीहा : तो नेहमीच बैठक घेऊ म्हणायचा.

वदाद : त्या मखमलीच्या पडद्याची कात्रीने बत्तीस पांघरुणं कोणी केली? सासूबाई वर सज्ज्यात उभ्या राहून ओरडत होत्या, माझा पडदा, माझा पडदा!

सबीहा : आणि मग स्वतःच खाली आल्या, म्हणाल्या, टाका तिरका जातोय, दे इकडे.

नझीहा : त्या पांघरुणांतलं एक अजून आहे माझ्याकडे. धुतलं की अजून लाल पाणी निघतं.

वदाद : आणि त्र्याण्णवला? मुलं सगळी व्हिडिओ बघायला लागली, थिएटरात येईना कोणी. मग एक वितरक आला, म्हणाला, ही चित्रं लावा, पुरुष दारं तोडून येतील. ती कसली चित्रं होती, मला सांगायला नको. हिक्मतला तेव्हा छताची काळजी, मुलांच्या शिक्षणाची काळजी, तो जवळजवळ हो म्हणाला होता. कोणी सांगितलं त्याला, की हो म्हण, पण मग आतापासून तिकिटाच्या खिडकीत मी बसणार आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आईचं नाव विचारणार?

नझीहा : हे मला माहीत नव्हतं! आईचं नाव?

सबीहा : या गावात मला सगळ्यांच्या आया माहीत होत्या, मावशी. मंगळवारी यायच्या ना त्या.

नझीहा : एक तिकीट खपलं नसतं!

सबीहा : म्हणूनच. हिक्मत इतका हसला, जिन्यावर बसून हसला. तीन वर्षं आणखी ओढलं आम्ही, जुनी चित्रं लावून, पाच माणसांसाठी मशीन चालवलं. मग त्यानेच बंद केलं. शेवटच्या खेळाला कोणालाच बोलावलं नाही. दोघंच होतो. पहिल्यांदा मी खांबाशी नाही बसले, मध्ये बसले.

वदाद : आणि मला बोलावलं नाहीस.

सबीहा : तुला बोलावणार होते. धीर झाला नाही. वाटलं, तू सात-चारवर जाऊन बसशील.

वदाद : बसलेच असते. तिथून छान दिसतं.

नझीहा : आता उजेडात मलासुद्धा पुसट दिसायला लागलंय. ती बघा, सातवी रांग. चौथी खुर्ची नाहीच जागेवर.

सबीहा : सत्त्याऐंशीत मोडली. हिक्मतने ती नेऊन घरी गच्चीवर ठेवली. तिच्यावर कुंडी आहे.

वदाद : जाईची?

सबीहा : जाई कुठली! गार्डेनियाची. पण लागत नाही धड, उन्हात आहे ना.

नझीहा : दारात कोणीतरी आलंय. चार वाजले का?

वदाद : चारला पाच कमी. वेळेआधी येणारा माणूस पलंग विकतो म्हणजे आश्चर्यच.

सबीहा : दोघं आहेत. एकाच्या हातात कागदांची पिशवी, एकाच्या हातात मोजायची फीत. थांबा हो, ओरडू नका, ऐकू येतंय आम्हाला! विचारतायत, तुमच्यातली मालकीण कोण?

वदाद : सांग त्यांना, सबीहा.

नझीहा : काय सांगणार ही? मी सांगू का?

सबीहा : नको. मी सांगते. हो, मी. मी मालकीण. आत या, पण जपून, तिथे एक पायरी आहे, ती नवीन माणसाला दिसत नाही.